बांगडी आळं

"तुमची मोरी सुरू झाली अन् आमचा चाफा उतरला."

घरमालकीण काकू त्यांच्या बंगल्याच्या मागच्या दाराच्या पायरीवर उभ्या राहून हे बोलल्या, तेव्हा मी आमच्या मोरीत बसून मुलीची दुपटी धूत होते. पोरगी नुकती बसायला शिकली होती. एवढ्याशा जिवाला दिवसभरात लागणारी दुपटी बघून मला वाटायचं, आपण मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्हे, धुणं धुवायलाच नोकरीला लागलो आहोत. मी वर बघितलं. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं.

‘तुमची’ या शब्दावर त्यांनी किती जोर दिला होता? त्या साबणाच्या पाण्याबद्दल बोलत होत्या की आमच्याबद्दल? आम्हा लोकांना हा प्रश्न जन्मभर पुरतो. समोरचा माणूस साधं बोलतोय की मनातलं बोलतोय, हे ओळखण्यात निम्मं डोकं खर्ची पडतं, आणि त्याचा मला भयंकर संताप येतो. तेव्हाही आला.

"काकू, आमच्याआधी जे भाडेकरू होते, त्यांची मोरीपण चाफ्यालाच जायची ना?"

"जायची."

"मग तेव्हा नाही उतरला?"

"तेव्हा न्हाई उतरला," त्या शांतपणे म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी शाळेतून आले तर मोरीच्या तोंडाशी शहाबादी फरशीचा एक तुकडा उभा केलेला, त्याला चिखल लिंपलेला. खोलीतून चाफ्याकडे जाणारा पाट बंद. त्या दिवसापासून आमचं सगळं सांडपाणी मी बादलीत भरून, फाटकाबाहेरच्या गटारात नेऊन ओतू लागले. रस्त्यावरचे लोक बघायचे. कुणी काही विचारत नव्हतं, पण मला प्रत्येक नजर विचारते आहे असंच वाटायचं.

ही गोष्ट मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाल्यानंतरची, जालन्यातली. माझे यजमान बियाण्यांच्या कारखान्यात कारकून होते. आमचं नवराबायकोचं शिक्षण झालेलं, दोघांना नोकरी, पण गावात खोली मिळता मिळत नव्हती. घरमालक आधी नाव विचारायचे, मग गाव, मग जरा अडखळत आडनाव. आडनाव ऐकलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. एका ठिकाणी आम्ही राहायलाही गेलो, सामान लावलं, भिंतीवर आमची ती एकच तसबीर टांगली. ती बघून मालकाच्या घरी अचानक पाहुणे यायचे ठरले. माझे दिवस भरत आले होते तेव्हा.

मग हे वकीलसाहेब भेटले. निजामाच्या काळात हैदराबादला कायदा शिकलेले, म्हातारे, मराठी बोलता बोलता मध्येच उर्दूत घुसणारे. यजमान आडनाव सांगायला लागले तर म्हणाले, "मैंने पूछा क्या?" आणि बंगल्यामागच्या खोलीची किल्ली हातात ठेवली. काकू तेव्हा दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचीच मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती.

बंगला आणि आमची खोली यांच्या मधोमध तो सोनचाफा. वकीलसाहेबांनी त्याचं कलम हैदराबादहून कुंडीत घालून रेल्वेनं मांडीवर आणलेलं, आणि जगवलं होतं काकूंनी. दुष्काळात जालन्यात माणसं घागरीसाठी भांडत होती, तेव्हा काकूंनी आंघोळीचं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. मागच्या खोलीच्या मोरीचा पाट चाफ्याकडे त्यांनीच वळवून घेतला होता. मूलबाळ नसलेल्या बाईनं एखाद्या झाडावर जीव लावावा तसा त्यांनी लावला होता, हे मलाही दिसत होतं. सकाळी त्या परडीभर फुलं काढायच्या. एखादं फूल आमच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं असायचं. हातात कधी दिलं नाही.

आता त्याच झाडाची बंगल्याकडची पानं पिवळी पडून लोंबायला लागली होती. शेंडे काळे पडून खाली खाली वाळत येत होते.

बादल्या वाहून वाहून एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. वकीलसाहेब ओट्यावर पान जमवत बसले होते, काकू वाती वळत होत्या. मी बादली तिथंच आपटली. संतापले की माझी शाळेतली भाषा गळून पडते आणि माहेरची, घनसावंगीची निघते.

"वकीलसाहेब, फरशी लावून झाड जगणार न्हाई. झाडाला रोग लागलाय, बुरशीचा. मला इलाज करू द्या. दसऱ्यापातुर पालवी फुटली तर आम्ही राहू. न्हाई फुटली तर दसऱ्याला खोली खाली करू."

काकूंचा वात वळणारा हात थांबला. वकीलसाहेबांनी पानाला चुना लावता लावता माझ्याकडे बघितलं.

"बराबर," ते म्हणाले. "मुकदमा दायर झाला. तारीख दसऱ्याची."

"अन् झाड गेलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर आम्ही जाऊ," मी म्हटलं.

"कबूल?"

"कबूल."

यजमान कारखान्यातून आले आणि ऐकून मटकन खाटेवर बसले. "अगं, खोली धुंडताना चपला झिजल्या माझ्या. तुला कोणी सांगितलं होतं पैज लावायला? अन् दसराच सापडला?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दसरा त्यांचा सण, तसा आमचाही. पांढरी साडी नेसून विहारात जायचा आमचा सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याच दिवशी टेम्पोत भांडीकुंडी भरायची पाळी मी स्वतःवर ओढवून घेतली होती. रात्रभर पोरगी रडली नाही, पण मला झोप लागली नाही.

रोग बुरशीचा आहे हे मी तावातावानं बोलले होते, पण अगदीच हवेत नव्हे. माझे वडील घनसावंगीकडे एका मोसंबीच्या बागेत रोजानं होते. मोसंबीला डिंक्या लागतो. बुंध्याची साल काळी पडते, कुजते, डिंक गळतो आणि वरचं झाड बघता बघता वाळतं. बागवाले म्हणायचे, मोसंबीचा गळा ओला राहू देऊ नका. गळा म्हणजे जमिनीलगतचा बुंधा. म्हणून पाणी बुंध्याशी द्यायचंच नाही. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर हातभर सोडून दुसरा वरंबा, आणि पाणी या दोन्हींच्या मधल्या गोलात. मनगटाभोवती बांगडी असावी तसं. म्हणून त्याला बांगडी आळं म्हणतात. मी लहानपणी त्या बांगड्यांमधून पाणी सोडलं आहे. पुढं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना त्या बुरश्यांची लांबलचक लॅटिन नावं पाठ केली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो त्या सालीचा आंबूस वास.

सकाळी मी चाफ्याजवळ गेले. आमच्या बाजूनं, म्हणजे ज्या बाजूनं मोरीचा पाट यायचा, तिकडून बुंधा नखानं खरवडला. खाली साल हिरवीगार, टणक. पाट बुंध्यापासून लांबच संपत होता, पाणी तिथंच मुरत होतं. मला एकदम हायसं वाटलं. मग मी फिरून बंगल्याच्या बाजूला आले आणि थबकले.

त्या बाजूला बुंध्याला टेकून गुडघाभर ढीग होता. बेलाची पानं, झेंडू, कण्हेरीची फुलं, दुर्वा, जळक्या वाती, तांदळाचे दाणे. निर्माल्य. नुकताच श्रावण सरला होता. वकीलसाहेबांच्या देवघरात महिनाभर रोज अभिषेक झाला होता. दूध, दही, तूप, मध, साखर आणि वर तांब्यांनी पाणी. देवाच्या आंघोळीचं पाणी पायदळी येऊ नये, म्हणून काकू ते पातेलं रोज सकाळी चाफ्याच्या बुंध्याशी ओतायच्या. अगदी बुंध्याला लागून, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको. मी ते रोज खिडकीतून बघत होते आणि बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. ढिगातून तोच वास येत होता. मोसंबीच्या कुजलेल्या सालीचा.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे काकूंना सांगायचं कसं?

यजमानांना दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी गाठून सांगितलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हात लावू नको त्याला. बिलकुल लावू नको. देवाच्या निर्माल्याला आपण हात लावला, एवढंच राहील लोकांच्या ध्यानात. झाड बाजूला पडेल अन् आपल्याला घर न्हाई, गाव सोडावं लागंल."

"न्हाई लावला तर झाड मरंल, अन् खोली जाईलच की."

"मंग जाऊ दे खोली."

ते कधी असं बोलत नसत. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली आणि त्यांच्या भीतीचा मला जास्त राग आला. परत येताना मी मनाशी पक्कं केलं. मी हात लावणार नाही. ज्यांनी ढीग घातला त्यांनीच तो काढायचा, माझ्यासमोर.

रविवारी काकूंची पूजा आटोपली. त्या नेहमीसारखं पातेलं घेऊन मागच्या दारानं आल्या आणि चाफ्याकडे वळल्या. मी मध्ये उभी राहिले. मुलगी माझ्या कडेवर होती. बहुधा मुद्दामच घेतली होती मी तिला, उगाच कशाला खोटं बोलू.

"काकू, तिथं ओतू नका. आधी तो ढीग बाजूला काढून बघा."

"का बरं?"

"मी हात लावणार नाही. तुम्हीच काढा, तुमच्या हातानं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात पहिल्यांदा राग दिसला. पातेलं पायरीवर ठेवून त्यांनी पदर खोचला आणि वाकून दोन्ही हातांनी निर्माल्य ओढायला सुरुवात केली. वरची फुलं वाळकी होती, मधली ओली, खालची तर काळा चिखलच. त्यात पांढऱ्या सुताचं जाळं पसरलं होतं. बुरशी. वास आला तशी त्यांनी मान फिरवली, पण हात थांबवला नाही. शेवटचा थर ओढला तेव्हा त्याबरोबर चाफ्याची साल तळहाताएवढी सोलून त्यांच्या हातात आली. मऊ, तपकिरी, पिळलेल्या फडक्यासारखी. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

"हे तुमच्या पाण्यानं झालं काकू. माझ्या न्हाई," मी म्हटलं. इतके दिवस दाबून धरलं होतं ते निघून गेलं.

"हे देवाचं पाणी हाय."

"देवाचं असलं तरी पाणीच ना."

काकू सरळ उभ्या राहिल्या. हातात ती साल. त्यांच्या तोंडून शब्द अगदी हळू आले. "मंग तुमचंबी पाणीच ना, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

मी नुसती मान हलवली, हो म्हणून. त्यांनी साल जमिनीवर ठेवली, पायरीवरचं पातेलं उचललं आणि आत गेल्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मागचं दार दिवसा कधी बंद होत नसे.

तो रविवार मी कसा काढला माझं मला ठाऊक. यजमानांनी वरच्या फळीवरच्या दोन ट्रंका खाली काढून ठेवल्या. बंगल्यातून भांड्यांचाही आवाज नाही. दिवेलागणीला वकीलसाहेब काठी टेकत आमच्या दारात आले. ते आमच्या दारात कधी येत नसत, हाक मारून बोलावत. मी उठून उभी राहिले.

"मालकीण जेवली न्हाई आज," ते म्हणाले. "कसूर कोणाचा, ते राहू द्या. इलाज हाय का?"

"आहे. पण उशीर झालाय."

"जल्दी करा मंग."

यजमानांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून बुरशीच्या औषधासाठी मोरचूद आणलं. निळे, काचेसारखे खडे. हे औषध लोखंडाच्या भांड्यात करायचं नसतं, भांडं खाऊन टाकतं आणि औषधही नासतं. आमच्याकडे सगळी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी, तीही चालत नाहीत. मी उन्हाळ्यातले दोन माठ बाहेर काढले. एकात मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात लोंबतं सोडलं, दुसऱ्यात चुना भिजवला. मुलगी त्या निळ्या पाण्याकडे बघून हात पुढं करत होती. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "इखाजवळ पोरीला आणू नका, आत नेऊन ठेवा आधी!" रविवारनंतरचे त्यांचे हे पहिले शब्द. मी मुलीला आत नेऊन यजमानांच्या स्वाधीन केलं.

दोन्ही पाणी एकत्र केलं की आभाळी रंग येतो. मग विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पातं जसंच्या तसं राहिलं तर औषध जमलं. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचुदाचा जोर जास्त, ते झाडाला भाजून काढणार. मी पातं बाहेर काढलं, ते तांबूस. चुना घातला, पुन्हा बुडवलं, पुन्हा तांबूस. बाजारचा चुना हवा लागून मेलेला होता. तो घालून घालून संपला, तरी पातं तांबूसच. एका बाजूला साल निघून उघडं पडलेलं झाड, दुसऱ्या बाजूला हे विष, आणि बाजारात मिळणार तो असाच मेलेला चुना.

मागचं दार उघडलं. काकू एक मडकं घेऊन आल्या. दसऱ्या-दिवाळीला भिंतींना द्यायला ठेवलेला कळीचा चुना. त्यांनी मडकं पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरल्या. मी पायरीपर्यंत गेले आणि ते उचललं. हातातून हातात आजही नाहीच, ही नोंद माझ्या मनानं त्या गडबडीतसुद्धा घेतली.

ओट्यावरून वकीलसाहेबांनी विचारलं, "मास्तरीणबाई, चुना झाडाला लावून राह्यले की आम्हाला?"

कुणीच हसलं नाही. पण या चुन्यानं पातं कोरं निघालं.

पुढचं काम कसायाचं होतं. कुजलेली साल चाकूनं खरवडत जायची, जोवर खाली जिवंत पांढरं लाकूड आणि कडेला हिरवी रेघ लागत नाही तोवर. चाकू प्रत्येक वेळी औषधात बुडवायचा. सगळी भीती एकच. कूज बुंध्याभोवती पुरी फिरून आली असेल तर झाड मेलंच, मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. मी एका बाजूनं खरवडत निघाले, तपकिरी संपेना. पाव बुंधा झाला, अर्धा झाला, अजून तपकिरीच. काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. अर्ध्याच्याही पुढं गेले तेव्हा चाकूखाली हिरवं लागलं. मग दुसऱ्या कडेनं खरवडत आले, तिकडं हिरवं लवकर लागलं. वीतभर रुंदीची सालीची पट्टी शाबूत होती. झाडाचा सगळा जीव त्या पट्टीवर. पट्टी आमच्या खोलीच्या बाजूला होती. काकूंनीही बघितलं होतं.

जखमेवर त्याच औषधाचं घट्ट मलम लिंपलं. शेंडे जिवंत लाकडापर्यंत मागं छाटले आणि त्यांच्या तोंडांनाही मलम लावलं. फांदी खाली पडली तेव्हा काकू आत निघून गेल्या. बुंध्याला मातीचा उंचवटा घालायच्या ऐवजी मी तो उघडाच ठेवला, वारा आणि ऊन लागावं म्हणून, आणि लांबवर दोन वरंबे घालून बांगडी केली. उरलेलं औषध पातळ करून मातीत जिरवलं. काम संपलं तेव्हा माझी नखं निळी झाली होती. शाळेत मुली विचारायच्या, बाई, शाई सांडली का?

मग सुरू झालं वाट बघणं. पहिल्यांदा झाडानं उरलीसुरली सगळी पानं टाकली. नुसते छाटलेल्या फांद्यांचे निळसर बुंडखे उभे राहिले. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून काकूंना विचारायचे, चाफ्याला काय झालं हो? काकू म्हणायच्या, "इलाज चालू हाय." कुणाचा इलाज, ते सांगत नसत. आमचं पाणीही अजून मी बादलीनंच नेत होते. फरशी तशीच उभी होती. माझा मान आडवा आला, मी ती काढा म्हणाले नाही. त्यांनीही काढली नाही.

काकूंची वेगळीच पंचाईत झाली होती. देवाचं पाणी ओतायचं कुठं? बुंध्याशी तर नाही. त्या पातेलं घेऊन यायच्या, चाफ्याजवळ जरा थांबायच्या आणि तुळशीकडे वळायच्या. तुळस किती पिणार? वृंदावन भरून पाणी अंगणातल्या फरशीवर आलं, तेव्हा ते पायाखाली येईल म्हणून त्या खाली बसून फडक्यानं टिपत होत्या. मला खिडकीतून ते बघवलं नाही. मी खिडकीची एक झडप लावून घेतली.

नवरात्र बसलं, त्यांचं पातेलं मोठं झालं. झाड तसंच उघडं. यजमान सुट्टीच्या दिवशी खोल्या बघून यायचे आणि न बोलता चपला काढायचे. त्यांच्या चेहऱ्यावरूनच आडनाव विचारलं गेलं की नाही ते कळायचं. मी रोज शाळेतून आले की आधी चाफ्याशी जायचे, बुंडख्यांवरून बोट फिरवायचे. गाठीगाठींवर काही टोचतंय का बघायचे. काही टोचत नव्हतं. माझ्यातली सगळी ऐट उतरली होती. पुन्हा मनात यायचं, आपलंच चुकलं असेल. काकू म्हणतात तसंच असेल. आपण जिथं पाय ठेवतो तिथलं झाड उतरतं. शिकलेल्या बाईच्या मनातही हे येतं आणि खोल जाऊन बसतं, याची मला त्या दिवसांत फार लाज वाटली आणि फार दुःखही झालं.

दसऱ्याच्या सकाळी मी लवकर उठून पांढरी साडी नेसले. ट्रंका भरलेल्या होत्या. टेम्पोवाल्याला यजमानांनी दुपारचं सांगून ठेवलं होतं. मुलीला झबलं घालून कडेवर घेतलं आणि विहारात जाण्याआधी, उगाच, अंगणात गेले.

काकू चाफ्यापाशी उभ्या होत्या. हातात पातेलं. त्या वर बघत होत्या. आमच्या बाजूच्या एका बुंडख्यावर, मलमाच्या जरा खाली, साल फोडून तांबूस-हिरवं टोक वर आलं होतं. गव्हाच्या दाण्याएवढं. त्याच्याच खाली दुसरं. मी हात लावायला गेले आणि मागं घेतला, मोडलं तर?

बंगल्याकडची बाजू मात्र मेली होती, ती पुढंही कधी फुटली नाही.

"अर्धंच जगलं," मी म्हटलं. "पैजेत अर्ध्या झाडाचं काही ठरलं नव्हतं."

काकू एकदा पातेल्याकडे बघत होत्या, एकदा बांगडीकडे. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते आणि बांगडीतली माती भेगाळली होती. मग त्या दोन पावलं पुढं सरल्या आणि वाकून देवाचं पाणी बांगडीत ओतलं. त्यात बेलाची पानं होती, ती त्यांनी हातानं बाजूला काढून घेतली. पाणी थोडं पुढं पळालं आणि पाव बांगडीही न भरता मातीत गडप झालं.

मग काकू आमच्या मोरीशी गेल्या, खाली बसल्या, वाळलेला चिखल नखांनी खरवडून काढला आणि ती शहाबादी फरशी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

"एवढ्यानं काय भरतीय बांगडी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमची मोरी सोडा."

मला रडू आलं. आणि खरं सांगते, रागही आला, इतक्या उशिरा बोलल्याचा. मी मुलीला खाली मातीत बसवलं, आत जाऊन दुपट्यांच्या पाण्याची बादली आणली आणि मोरीत उपडी केली.